वनस्पती सोबतीला घेऊन सामूहिक ध्यान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या रामबागेत एका जुन्या घराच्या माडीवर आमची बैठक भरते. अकरा वर्षं झाली. सुरुवातीला पाच जण होतो, आता रविवारी पंचवीस-तीस माणसं येतात. राजेंद्रनगर, सुदामानगर, तिलकनगर आणि एक कुटुंब तर देवासहून. प्रश्न मात्र त्याहून लांबून येतात आणि फिरून फिरून तेच येतात. फोनवर दहाव्यांदा उत्तर देताना घाईत एखादी सावधगिरीची गोष्ट सांगायची राहून जाते, आणि या विषयात ती राहून चालत नाही. म्हणून सगळं एका जागी लिहिलं आहे.

१. तुम्ही नेमकं करता काय?

दर रविवारी सकाळी सहाला जमतो, एकेक कप कोरा चहा शांतपणे पितो आणि पन्नास मिनिटं गप्प बसतो. ज्याची जी पद्धत असेल ती. कुणी श्वासाकडे लक्ष देतं, कुणी नाम घेतं, कुणी नुसतं बसतं. महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या संध्याकाळी, चहाऐवजी कोको असतो. आणि वर्षातून एकच रात्र, महाशिवरात्रीची, भांगेसोबत बसतो. त्या रात्री बारापेक्षा जास्त माणसं आम्ही घेत नाही.

बहुतेक लोक त्या एका रात्रीबद्दलच विचारतात. आमचं काम मात्र उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांत चालतं.

२. ध्यानाला वनस्पती लागतेच कशाला?

लागत नाही. आमच्यातले सात-आठ जण कधीच काही घेत नाहीत आणि त्यांचं बसणं आमच्यापेक्षा स्थिर आहे.

तरीही ही सोबत फार जुनी आहे. येमेनमधले सूफी पंधराव्या शतकात रात्रभर नामस्मरण करताना झोप येऊ नये म्हणून कॉफी प्यायचे. तिथूनच सूफी संत बाबा बुदन यांनी सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या अशी कथा सांगतात. चीन-जपानच्या मठांत भिक्षूंना जागं ठेवायला चहा होता. ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल सोमाला वाहिलेलं आहे, आणि तो सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. अथर्ववेदात वनस्पतींच्या पाच राज्यांमध्ये सोमाच्या जोडीला दर्भ, यव यांच्याबरोबर ‘भंग’ येतो. माणूस एकाग्र व्हायला बसला तेव्हा जवळचं झाडपान त्याने हाताशी घेतलं आहे. त्यातलं कोणतं घ्यावं, किती घ्यावं आणि कधी थांबावं, एवढाच प्रश्न उरतो.

३. कोणकोणत्या वनस्पती वापरता?

चहा, कॉफी, कोको, भांग. बस.

चहात कॅफिनबरोबर थिॲनिन नावाचं द्रव्य असतं. त्यामुळे जाग येते पण हात थरथरत नाहीत. बसण्यासाठी चहा कॉफीपेक्षा सोपा वाटतो तो बहुधा यामुळेच. कॅफिन अर्धं उतरायलाच सरासरी पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळच्या बैठकीला चहा-कॉफी ठेवत नाही.

कोको म्हणजे साखर-दूध नसलेली, भाजलेल्या बियांची लगदी गरम पाण्यात घोटलेली. आपल्याकडे केरळ आणि आंध्रात तो पिकतो. त्यातलं थिओब्रोमिन हृदयाचे ठोके थोडे वाढवतं, अंगात ऊब येते. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांत कोकोला मान होता हे खरं. पण आज ‘कोको समारंभ’ म्हणून जे चालतं ते गेल्या काही दशकांतलं रूप आहे, आणि आम्ही त्याला प्राचीन विधी म्हणत नाही. घरी कुत्रा असेल तर उरलेला कोको त्याच्यापासून दूर ठेवा, त्याला तो विषारी असतो.

ब्राह्मीबद्दल बरेच विचारतात. या नावाने बाजारात दोन वेगळ्या वनस्पती मिळतात, नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी. त्यांचा काही उपयोग होत असेल तर तो आठवड्यांच्या सेवनाने. बैठकीआधी एक कप घेऊन त्याच दिवशी काही होत नाही. वैद्यांच्या सल्ल्याने घरी घ्यायची असेल तर घ्या, बैठकीचा तो भाग नाही. जायफळाचंही तसंच. श्रीखंडात चिमूटभर ठीक, पण ‘जास्त जायफळ खाल्लं की ध्यान लागतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उलट्या, धडधड, भ्रम आणि दीड-दोन दिवस अंथरूण, एवढंच हाती येतं.

४. गांजा बेकायदेशीर, मग भांग कायदेशीर कशी?

झाड एकच, पण कायदा त्याच्या भागांत फरक करतो. १९८५च्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्यात चरस म्हणजे झाडाचा राळेसारखा चीक आणि गांजा म्हणजे फुलांचे-फळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया या व्याख्येबाहेर आहेत. भांग पानांची असते, म्हणून तिचा कारभार राज्याच्या अबकारी कायद्याकडे जातो. मध्य प्रदेशात परवाना असलेली भांगेची दुकानं आहेत आणि आम्ही फक्त तिथूनच घेतो.

गांजा मात्र ‘थोडासा’ असला तरी गुन्हाच. एक किलोपर्यंतचं प्रमाण कायद्याने ‘अल्प’ मानलेलं आहे, पण अल्प म्हणजे माफ नव्हे. एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भांगेत शेंडे मिसळले की तीही भांग राहत नाही. राज्य बदललं की भांगेचा नियमही बदलतो, त्यासाठी प्रश्न १७ पाहा.

५. खरं सांगा, हे अध्यात्म आहे की नशा?

हा प्रश्न रागाने विचारला जातो तेव्हाही मला आवडतो. आम्ही तो स्वतःला दर वर्षी विचारतो.

दोन्ही बाजूंनी परंपरेचा आधार मिळतो. पतंजलींच्या योगसूत्रांत चौथ्या पादाचं पहिलंच सूत्र सांगतं की सिद्धी पाच मार्गांनी येतात : जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. औषधीचं नाव तिथे स्वच्छ आहे. पण त्यावर भाष्य करताना व्यास औषधींचं उदाहरण देतात ते असुरांच्या घरातलं. आणि गोरखनाथांच्या नावावर असलेल्या वाणीत तर भांग खाणारा ज्ञान-ध्यान गमावतो असं सरळ म्हटलं आहे. आपल्या ज्ञानोबांची गुरुपरंपरा निवृत्तिनाथ, गहिनीनाथ अशी याच नाथांकडे जाते. तेव्हा ‘शास्त्रात आहे’ एवढं म्हणून सुटका नाही. गोरखनाथांचा आक्षेप आम्ही बाजूला सारत नाही, तो माडीवर आमच्याबरोबर बसलेलाच असतो.

आमची कसोटी साधी आहे. महाशिवरात्रीनंतर महिनाभराने त्या माणसाचं रविवारचं बसणं कसं आहे? घरच्यांशी बोलणं कसं आहे? त्या रात्री काय दिसलं, केवढा प्रकाश दिसला, याला आम्ही काहीच किंमत देत नाही. रविवारी येणं सुटलं आणि ‘पुढची भांग कधी?’ हेच उरलं, तर ती नशा. असं दोघांच्या बाबतीत झालं. त्यांना आम्ही पुढच्या वर्षी भांग दिली नाही. एक जण रागावून गेला, दुसरा आजही चहावर बसतो.

६. आमच्या घरात माळ आहे. आई म्हणते वारकऱ्याच्या घरी हे चालणार नाही. काय करू?

आईचं ऐका. माळ घातलेल्या माणसाने नशा वर्ज्य केलेली असते, आणि तो नियम आमच्या माडीवर आल्यावर सैल होत नाही. तुम्ही स्वतः माळ घातली असेल तर आम्ही भांग देणार नाही, तुम्ही मागितली तरी. रविवारी या, आईंनाही आणा. आमच्याकडच्या एक काकू तुळशीचा काढा थर्मासमध्ये घेऊन येतात आणि तोच पितात.

७. विपश्यनेचं शिबिर केलं आहे. ती पद्धत आणि हे एकत्र चालेल का?

विपश्यनेच्या शिबिरात नशा न करण्याचं शील घेतलेलं असतं, आणि पद्धतींची सरमिसळ करू नका असंही तिथे सांगतात. तुम्ही ती साधना नेमाने करत असाल तर तिच्याशी प्रामाणिक राहा. चहाची बैठक चालेल. भांगेची नको.

८. मला थेट महाशिवरात्रीलाच यायचं आहे, रविवारी जमत नाही.

मग नाही जमणार. किमान एक वर्ष रविवारची बैठक, त्यात तीन पौर्णिमा, आणि त्याआधीची एक महाशिवरात्र जागल्या म्हणून काढलेली (जागल्या कोण, ते प्रश्न ९ मध्ये). हा नियम कडक वाटतो हे मला माहीत आहे. पण भांग मनातलं जे आहे तेच मोठं करते. पन्नास मिनिटं स्वतःबरोबर बसायची सवय नसलेल्या माणसाला सहा-सात तास त्याच मोठ्या झालेल्या मनात कोंडणं हे आम्हाला क्रूर वाटतं. शिवाय वर्षभरात आम्हाला तो माणूस कळतो आणि त्याला आम्ही कळतो. रात्री दोन वाजता घाबरून त्याने हात पुढे केला, तर तो ओळखीच्या हातात पडावा.

९. ती रात्र कशी असते?

दुपारी चारला सगळे येतात. उपास असला तरी पोट रिकामं ठेवू देत नाही, रिकाम्या पोटी भांग जोरात लागते. रताळी, भगर (इंदूरच्या बाजारात मोरधन म्हणून मिळते), दाण्याची आमटी. फोन एका टोपलीत, टोपली खालच्या मजल्यावर. घरच्यांसाठी जागल्यांपैकी एकाचा नंबर आधीच दिलेला असतो.

बारा जणांमागे तीन जागल्ये. गावाला जाग ठेवणाऱ्याचं हे जुनं नाव आम्ही उचललं. त्या रात्री ते काहीही घेत नाहीत, चहासुद्धा बेतानेच. एक जिन्याच्या तोंडाशी बसतो, एक खोलीत, एक आलटून पालटून विसावा घेतो. तिघांत निदान एक बाई असतेच. जिन्याच्या दाराला कडी, संडासात रात्रभर दिवा, प्रत्येकाजवळ पाण्याचा तांब्या आणि घोंगडी. माळव्यातल्या रात्री थंड असतात आणि भांगेने अंगात हुडहुडी भरल्यासारखं होतं.

भांग दर वर्षी एकच माणूस घोटतो, एका पातेल्यात, बदाम-बडीशेप-मिरी-दूध घालून, आणि वाढताना ढवळत राहतो. तळाला गाळ बसला की शेवटच्या वाटीत दुप्पट जाते, म्हणून हे ढवळणं महत्त्वाचं. प्रत्येकाला एक लहान वाटी. दुसरी नाही, का ते प्रश्न १० मध्ये आहे. कुणी अर्धीच घेतली तर कुणी विचारत नाही.

सातला वाटी, साडेसातला बसणं. दर तासाला घंटेचा एक ठोका. ज्याला झेपत नसेल त्याने त्या ठोक्याला आडवं व्हावं, आडवं झालेल्याला कुणी उठवत नाही. दहाला गच्चीवर सावकाश फेऱ्या, जागल्यांच्या देखरेखीत. त्यानंतर पुन्हा बसणं, आणि मध्यरात्री एकच ओळ हळू आवाजात धरलेली, ज्याला वाटेल त्याने सूर लावावा. नाच नाही, मोठं संगीत नाही, कुणी गुरू नाही, कुणी कुणाला उपदेश करत नाही. दोन-अडीचनंतर बहुतेकांना झोप लागते.

सकाळी कुणी बोलण्याआधी प्रत्येक जण वहीत अर्धा तास लिहितो. मग पोहे. बोलणं पुढच्या रविवारी, आठवडाभर मुरल्यावर.

१०. एक वाटी घेतली, तासाभरात काहीच झालं नाही. आणखी का देत नाही?

धूर फुप्फुसातून मिनिटांत चढतो. भांग पोटातून जाते. तिला लागायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. यकृतात तिच्यातल्या मुख्य द्रव्याचं रूप बदलतं आणि ते नवं रूप मेंदूत अधिक सहज शिरतं. जोर दोन ते चार तासांनी असतो, पुढे सहा-आठ तास परिणाम राहतो, कधी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जडपणा. त्यामुळे ‘काहीच झालं नाही’ म्हणून घेतलेली दुसरी वाटी पहिलीच्या चढत्या लाटेवर पडते.

हे आम्ही शिकलो ते एका माणसाच्या डोक्यावर चार टाके पडल्यावर. तिसरं वर्ष होतं. साठी उलटलेले एक स्नेही, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पाऊण तासाने म्हणाले, ‘अहो, मला तर नुसतं दूध प्यायल्यासारखं वाटतंय.’ आम्ही दुसरी वाटी दिली. नऊ वाजता ते उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कोसळले. जिन्यावर तेव्हा कुणी बसलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले, पुढे बरेही झाले. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या पत्नीशेजारी बसून मी जे तास काढले, ते विसरलेले नाही. वाटी आम्ही दिली होती. एक वाटी, जिन्यावर जागल्या, लेखी औषधांची यादी, हे तिन्ही नियम त्या रात्रीचे आहेत.

११. कुणी भांग अजिबात घेऊ नये?

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया. हृदयविकार असलेले, भांगेने ठोके वाढतात आणि उभं राहताना रक्तदाब घसरतो. स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा कधीही वास्तवाचं भान सुटण्याचा आजार झालेला असेल ते. इथे ‘एकदाच, थोडीशी’ ही सूट नाही, कारण एक रात्र पुरेशी ठरू शकते. अठराच्या खालचे तर बैठकीलाच नाहीत. भांगेसाठी आम्ही वयाची अट पंचविसाची ठेवली आहे, कारण तोवर मेंदूची वाढ चालू असते. आणि नुकताच मृत्यू, घटस्फोट, मोठा धक्का सोसलेले लोक. त्यांना भांगेची नव्हे, माणसांची सोबत लागते. रविवारी या.

रक्तदाबाचा त्रास, अर्धशिशी किंवा धडधड असणाऱ्यांनी कोकोही विचारून घ्यावा.

१२. मी रोज औषधं घेतो. दोन दिवस बंद ठेवून आलो तर?

असं कधीही करू नका. औषध बंद ठेवणं हा भांगेपेक्षा मोठा धोका असू शकतो. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या भांगेबरोबर गुंगी वाढवतात, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम भांगेने वाढू शकतो, नैराश्याच्या आणि फिटच्या काही औषधांशीही तिचं पटत नाही. आपल्या डॉक्टरांना ‘मी भांग घेणार आहे’ हे याच शब्दांत विचारा, ‘थंडाई’ म्हणू नका. ते नको म्हणाले तर त्या रात्री जागल्या व्हा.

१३. घरी कुणाला भांग जास्त झाली तर काय करायचं?

माणूस शुद्धीत आहे, बोलतो आहे, फक्त घाबरला आहे : दिवा मंद करा, एकाच माणसाने जवळ बसावं, नाव घेऊन सांगावं की तू भांग घेतली आहेस, हे काही तासांत उतरेल. पाण्याचे घोट द्या. लिंबू, लोणचं, ताक यांनी भांग उतरते असं घरोघरी सांगतात, पण त्यावर विसंबून राहू नका. अंगावर थंड पाणी ओतू नका, उलटी करायला लावू नका.

माणूस उठवून उठत नाही, छातीत दुखतं, श्वास बिघडला आहे, झटके येतात, स्वतःला इजा करायला जातो, किंवा ज्याला भांग लागली ते लहान मूल आहे : १०८ वर फोन करा. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. डॉक्टरांना काय घेतलं, किती वाजता घेतलं ते खरं सांगा. लाजेने लपवलेल्या एका वाक्यामुळे उपचार चुकतात. तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलत असेल तर धोत्र्याचा संशय धरा, म्हणजे पुढचाच प्रश्न.

१४. धोत्रा तर महादेवाला वाहतात. तो का नाही?

महादेवाला वाहतात, खात नाहीत. धोत्र्यात ॲट्रोपिन, स्कोपोलामिन ही विषं असतात आणि एका बोंडातून दुसऱ्या बोंडात त्यांचं प्रमाण कमालीचं बदलतं. त्याने ध्यान लागत नाही, भान जातं : नसलेल्या माणसांशी बोलणं, लघवी अडकणं, ताप, धडधड, मृत्यूही. वाटसरूंना धोत्रा चारून लुटण्याची जुनी रीत होती ती यामुळेच. तो विकायला-ठेवायला मोकळा आहे म्हणून सुरक्षित आहे असा अर्थ लावू नका. या यादीतल्या सगळ्या वनस्पतींत मला खरी भीती फक्त धोत्र्याची वाटते. कुणी भांगेत ‘जोर यावा म्हणून’ धोत्र्याचं बी घालतो असं कळलं, तर ती भांग ओतून द्या.

१५. नशा आणणारे मशरूम, आयावास्का (ॲमेझॉनच्या जंगलातलं वनस्पतींचं पेय) यांचं काय? तीही निसर्गातलीच ना?

निसर्गातली आहेत, पण भारतात बेकायदेशीर. त्या मशरूममधली सायलोसायबिन व सायलोसिन आणि आयावास्कातलं डीएमटी ही द्रव्यं केंद्रीय कायद्याच्या यादीत आहेत. पेयोटी निवडुंगातलं मेस्कलिनही. बाहेर त्यांच्यावर संशोधन चालू आहे आणि त्यात रस घेणं गैर नाही, पण आमच्या माडीवर ती येत नाहीत. कुणी ‘गोव्याहून आणलंय’ म्हणून पुडी काढली, तर त्या माणसाला त्याच मिनिटाला जायला सांगतो.

१६. पानाच्या टपरीवर भांग घातलेल्या मुनक्क्याच्या गोळ्या मिळतात. त्या आणू का?

नको. एका गोळीत किती आहे हे कळत नाही. शिवाय भांग ही आयुर्वेदिक औषधांच्या नियमांत विषारी द्रव्यांच्या ‘ई-१’ यादीत आहे, म्हणजे ती असलेलं औषध वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. टपरीवाला देखरेख करत नाही.

१७. पुण्याच्या बहिणीला इथली भांग नेऊन दिली तर चालेल? परवान्याच्या दुकानाची पावती आहे.

चालणार नाही. पावती मध्य प्रदेशातली. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि तिथे परवान्याशिवाय भांग बाळगणं गुन्हा ठरतं. आसामात तर भांगेवर बंदीचाच कायदा आहे. सामानात घालून परदेशी नेण्याचा विचारही करू नका. आखाती देश आणि सिंगापूर पानं आणि शेंडे यांत आपल्यासारखा फरक करत नाहीत. हा प्रश्न दर होळीला येतो. बहिणीसाठी सराफ्यातून (इथला रात्रीचा खाऊबाजार) गजक न्या.

१८. गच्चीत कुंडीत एक रोप लावलं तर? पानंच तर घ्यायची आहेत.

लावू नका. पान मोकळं असलं तरी परवान्याशिवाय झाड लावणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. भल्याभल्यांचा इथे घोटाळा होतो.

१९. कोजागिरीच्या दुधात भांग घालता का?

कधीच नाही. कोजागिरीला मुलं असतात, आजी-आजोबा असतात, दूध सगळ्यांचं असतं. कुणालाही न सांगता भांग पाजणं, गमतीत का होईना, हा आमच्या लेखी विश्वासघात आहे. रंगपंचमीच्या गेरमध्ये (इंदूरची रंगांची मिरवणूक) हातात आलेला पेला न विचारता पिऊ नका, एवढं मुलांना जरूर सांगून ठेवा.

२०. मी बाई आहे, एकटी येणार. सुरक्षित आहे का?

घरच्यासारखं विचारलंत, म्हणून घरच्यासारखं सांगते. मीही पहिल्या वर्षी हाच विचार करत आले होते. भांगेच्या अमलात दिलेली संमती आम्ही संमती मानत नाही. आधार द्यायचा तर जागल्याने आधी विचारून खांद्याला किंवा हाताला, त्यापलीकडे कुणी कुणाला स्पर्श करत नाही, नवरा-बायकोसुद्धा नाही. बायकांची झोपायची खोली वेगळी, कडी आतून. पहिल्या वेळी मैत्रीण किंवा बहीण जागल्या म्हणून आणू शकता. आणि दुसऱ्या कुठल्याही गटात जाल तिथे हे नियम विचारा. ‘इथे सगळे एकाच कुटुंबातले आहेत, नियमांची काय गरज’ असं उत्तर आलं तर परत फिरा.

२१. फी किती?

नाही. दूध, बदाम, पोहे यांची वर्गणी असते. भांगेचे पैसे घेत नाही, कारण पैसे घेऊन वाटी देणं ही विक्री झाली आणि विक्रीला परवाना लागतो.

२२. सकाळी गाडी चालवत घरी जाता येईल?

नाही. चाव्याही फोनच्या टोपलीतच असतात. अमलाखाली गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट ही, की भांग उतरली असं वाटतं तेव्हाही हात-डोळ्यांचा मेळ बसलेला नसतो. न्यायला कुणीतरी येतं, नाहीतर दुपारपर्यंत थांबा.

२३. ऑफिसात लघवीची तपासणी होते. भांग कायदेशीर आहे हे सांगितलं तर मानतील?

तपासणीला पान आणि शेंडे यातला फरक कळत नाही, गांजासारखाच निकाल येतो. क्वचित घेणाऱ्याच्या लघवीत काही दिवस, रोज घेणाऱ्याच्या महिनाभरही अंश सापडतो. वैमानिक, चालक, खेळाडू, सैन्यातले यांनी भांग घेऊच नये.

२४. मी रोज संध्याकाळी घेतो. ध्यानामुळे सुटेल का?

काहींना बसण्याचा आधार होतो, पण ध्यानावरच भिस्त ठेवू नका. नशामुक्तीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, मन फार खचलं असेल तर टेली-मानस १४४१६. दोन्हीकडे बोलायला लाज वाटण्यासारखं काही नाही. भांग पूर्ण थांबवून सहा महिने झाल्यावर रविवारी या. महाशिवरात्रीची वाटी मात्र तुमच्यासाठी नसेल, पुढेही नसेल. हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं, तरी सांगते.

२५. दोन वर्षं येतेय. मला ना चहात काही जाणवलं, ना कोकोत, ना त्या रात्री. माझं काही चुकतंय का?

या प्रश्नाचं पत्र आलं ते एका ताईंचं, आणि त्या आमच्याकडे सगळ्यात नेमाने येतात. त्यांना विचारलं, दोन वर्षांत काय बदललं? म्हणाल्या, काही नाही. फक्त सासूबाईंना रात्री तीनदा उठवायला लागतं, पूर्वी तिसऱ्या वेळी चिडायचे, आता उठते आणि दिवा लावते.

या वर्षी महाशिवरात्रीला जिन्याच्या तोंडाशी बसायला आम्ही त्यांनाच सांगितलं आहे.